लव्हाळ्यातली एमा

थंडी पडली की रविवारी पहाटे गावाबाहेरच्या तळ्यांवर, नदीच्या बंधाऱ्यांवर हल्ली चांगलीच वर्दळ असते. पुण्याजवळ कवडीपाटला जा, भिगवणला जा, नाहीतर नाशिककडे नांदूर मधमेश्वरला. गळ्यात नळकांड्याएवढी लेन्स अडकवलेली मंडळी चक्रवाक आणि रोहित पक्ष्यांकडे डोळे लावून बसलेली असतात. त्यात आता कॉलेजच्या मुली दिसतात, नोकरी करणाऱ्या तरुणी दिसतात. चाळिशी-पन्नाशीच्या बायका मात्र बहुधा गाडीपाशी. डबे उघडण्यात, चहा ओतण्यात, नातवंडांना पाण्यापासून लांब ठेवण्यात.

आमच्या महिला मंडळाच्या वर्षातून दोन सहली अशा ठिकाणी निघतात. दोघी-तिघींना फोटोंची खरंच नजर आहे. पण कॅमेरा घ्या म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं. आता या वयात कुठे, घरचं सगळं करून वेळ कधी मिळणार, आणि एकटीनं रानात जायचं म्हणजे लोक काय म्हणतील. तिन्ही अडचणी खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. फक्त अशा वेळी मी त्यांना एमाची गोष्ट सांगते. मैत्रिणींनो, आज तुम्हालाही तीच सांगणार आहे.

एमा लुईसा टर्नर ही इंग्लंडची. १८६७ साली केंट परगण्यातल्या लँग्टन ग्रीन या गावी तिचा जन्म झाला. घर खाऊनपिऊन सुखी, दुकानदारीतलं. पण एमा तेरा वर्षांची असताना आई गेली. आई गेलेल्या घरात मुलीच्या वाट्याला काय येतं हे आपल्याला कुणी सांगायला नको, आणि राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं इंग्लंड या बाबतीत आपल्याकडच्या वाड्यांपेक्षा फार वेगळं नव्हतं. एमानं लग्न केलं नाही. तिशी उलटली तोवर बाहेरच्या जगाला तिचं नावही माहीत असायचं कारण नव्हतं.

मग १९०० साली तिची गाठ रिचर्ड किअर्टन यांच्याशी पडली. हे रिचर्ड आणि त्यांचा धाकटा भाऊ चेरी म्हणजे यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातल्या शेतकऱ्याची मुलं. रिचर्ड लिहायचे, चेरी फोटो काढायचे. पक्ष्यांच्या घरट्यांवरचं त्यांचं पुस्तक १८९५ साली निघालं होतं आणि त्यातली सगळी चित्रं प्रत्यक्ष रानात काढलेल्या फोटोंची होती. तोपर्यंत पक्ष्याचं चित्र म्हणजे आधी गोळी घालायची, मग पेंढा भरायचा आणि मग चित्रकारानं समोर ठेवून रंगवायचं. या भावांनी जिवंत पक्ष्याच्या जवळ जायला काय काय केलं असेल! खऱ्या बैलाचं कातडं घेऊन पोकळ बैल बनवला, त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन चेरी उभे राहायचे. आपल्याकडच्या नंदीबैलाचा असा उपयोग कुणाच्या डोक्यात आला नाही, हे नंदीबैलाचं भाग्यच.

रिचर्डना भेटल्यावर एमानं कॅमेरा हातात घेतला. वय तेहतीस. पुढच्याच वर्षी ती रॉयल फोटोग्राफिक सोसायटीची सभासद झाली. नंतर या सोसायटीचं सुवर्णपदकही तिला मिळालं.

त्या काळच्या कॅमेऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तिच्या कष्टांचा अंदाज येणार नाही. कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, पुढे लेन्स, मध्ये बाजाच्या पेटीसारखा चामडी भाता, खाली लाकडी तिवई. फिल्मचा रोल नव्हे, काचा. एका फोटोला एक काच. ती अंधारातच चौकटीत भरायची, फोटो काढून झाला की पुन्हा अंधारात बाहेर काढून रसायनात धुवायची. डझनभर काचांचं ओझं काय होत असेल ते पितळी डबे उचलणाऱ्या बाईला कळेल. लांबून जवळचं दाखवणाऱ्या आजच्यासारख्या लेन्स नव्हत्या, त्यामुळे पक्ष्यापासून काही हातांवर जाऊन बसावं लागे. काळं फडकं डोक्यावर घेऊन मागच्या काचेवर चित्र बघायचं, ते तिथं उलटं दिसायचं. सगळं जुळेपर्यंत पक्षी हलला की काच फुकट. आज आपण मोबाईलवर एका खंड्याचे चाळीस फोटो काढतो आणि घरी येऊन एकोणचाळीस पुसतो. एमाला दिवसाकाठी दोन काचा मनासारख्या मिळाल्या तरी खूप म्हणायचं.

हे सगळं घेऊन ती पोचली नॉरफकला. इंग्लंडच्या पूर्वेला समुद्राकाठचा हा सखल परगणा. तिथं ब्रॉड्स म्हणून ओळखली जाणारी उथळ तळी आहेत. एकमेकांना पाण्यानं जोडलेली, काठाला माणसाहून उंच लव्हाळी. ही तळी निसर्गानं केलेली असंच सगळे धरून चालले होते. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी तिथली दलदलीची माती पिढ्यान्‌पिढ्या कापून नेली आणि त्या खड्ड्यांत पाणी शिरलं, हे १९५०च्या दशकात जॉइस लँबर्ट या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून पुढे आलं. एमाच्या वेळी हे ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की इथं पक्षी आहेत आणि इथं राहिल्याशिवाय ते भेटणार नाहीत.

म्हणून तिनं राहायची होडी घेतली. म्हणजे तरंगतं घरच. त्या भागात तिला पहिल्यांदा ज्या पक्ष्याचा फोटो मिळाला तो वॉटर रेल, आपल्या पाणकोंबडीच्या नात्यातला एक लाजरा पक्षी. तेच नाव तिनं होडीला दिलं. हिकलिंग नावाच्या मोठ्या तळ्यातल्या एका चिमुकल्या बेटावर तिची झोपडीही होती. लोक त्या बेटाला टर्नरचं बेट म्हणू लागले. वर्षातले काही महिने पाण्यावर आणि बाकीचे घरी, असं तिनं पंचवीसेक वर्षं केलं.

मला तिचं हे वागणं फार शहाणपणाचं वाटतं. ती घर सोडून निघून गेली नाही, आणि घराच्या नावानं रडतही बसली नाही. तिनं वर्षाची वाटणी करून घेतली. घरात राहून आपलं काही करू पाहणाऱ्या बाईला बहुतेक वेळा हाच मार्ग मोकळा असतो. अर्थात तिच्या गाठीशी पैसा होता, हेही सांगितलं पाहिजे. पोटासाठी कुणाकडे राबावं लागलं असतं तर होडी कुठली आणि काचा कुठल्या?

पाण्यावरच्या दिवसांत ती काय करायची? पहाटे उठून छोटी नाव वल्हवत लव्हाळ्यात शिरायचं. गुडघाभर चिखल, डास, त्यात त्या काळचा बायकी पोशाख. पक्ष्याच्या वाटेवर लपण करायचं, म्हणजे कधी कापलेल्या लव्हाळ्याच्या पेंढ्या अंगावर ओढून त्यातच पडून राहायचं. तासन्‌तास. ही कला तिला पुस्तकांतून मिळाली नव्हती. दलदलीत लव्हाळी कापणारे, मासे धरणारे स्थानिक लोक होते, त्यांना प्रत्येक पक्ष्याची जागा ठाऊक असायची. एमा त्यांच्याकडून शिकली. त्यातला जिम विन्सेंट हा हिकलिंगच्या जमीनदारांचा रखवालदार. ते जमीनदार म्हणजे लॉर्ड लुकास आणि त्यांचे मित्र. त्या मित्रांपैकी एक एडविन माँटेग्यू. शाळेत घोकलेल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आठवतात ना, तेच पुढे भारतमंत्री झालेले माँटेग्यू! हिकलिंगला माँटेग्यूचा भोवत्या हा शिकारी पक्षी घरटी करायचा, पण त्याचं नाव या माँटेग्यूंवरून पडलेलं नाही. ते शंभर वर्षं आधीचे दुसरे माँटेग्यू. हाच भोवत्या हिवाळ्यात आपल्या सोलापूर-साताऱ्याच्या माळांवर गवताच्या शेंड्यांना चाटून गेल्यासारखा उडताना दिसतो. आपल्याकडे येणारे भोवत्ये मध्य आशियातले, हिकलिंगचे आफ्रिकेत जायचे. जात मात्र एकच.

आता टोप्यांबद्दल. त्याशिवाय एमाचं काम का मोठं ते कळत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायकांच्या टोप्यांवर पिसं, पंख, कधी अख्खा पक्षीच लावायची फॅशन होती. ब्रॉड्सवर एक तुरेवाली मोठी टिबुकली असते. तिच्या पोटाकडची मऊ पिसं फर म्हणून वापरत, त्यापायी ती इंग्लंडातून जवळजवळ नाहीशी झाली होती. आपल्याकडचे बगळेही पिसांसाठी मारले जात. १९०२ साली भारतातून पिसांच्या निर्यातीला बंदी घालावी लागली. या फॅशनविरुद्ध पहिल्यांदा संघटना उभी केली ती बायकांनीच. १८८९ साली मँचेस्टरजवळ एमिली विल्यमसन यांनी आपल्या घरी मैत्रिणींना जमवून पक्षी वाचवणारं मंडळ काढलं. पिसं घालणार नाही असं वचन द्यायचं आणि सभासद व्हायचं. पुरुषांच्या पक्षीशास्त्र संघटनेत तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता. त्या घरगुती मंडळातून आजची पक्षिरक्षणाची राजमान्य संस्था वाढली. परदेशी पिसांच्या आयातीवर ब्रिटिश कायद्यानं बंदी यायला मात्र १९२१ साल उजाडलं. महिला मंडळ म्हटलं की हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धा असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं.

एमा अशा काळात टिबुकल्यांचे फोटो काढत होती. घरट्यावर बसलेली टिबुकली, पिल्लांना पाठीवर घेऊन पोहणारी टिबुकली. हा पक्षी टोपीवर पाहिलेल्या बाईला तो आई म्हणून दाखवणं याचा किती परिणाम होत असेल! काचेवरची चित्रं पडद्यावर मोठी करून दाखवत एमा व्याख्यानंही द्यायची. बोलायची कला तिला होती असं दिसतं, कारण तिला बोलावणी सतत येत.

आणि मग १९११चा जुलै महिना.

बिटर्न नावाचा एक पक्षी आहे. बगळ्याच्या कुळातला, पण पांढरा नाही. अंगभर तपकिरी-पिवळ्या रेघा, वाळल्या लव्हाळ्यासारख्याच. धोका वाटला की तो चोच आभाळाकडे करून काठीसारखा उभा राहतो आणि वारा आला की लव्हाळ्याबरोबर डोलतो. चार हातांवर असला तरी दिसत नाही. नराचा आवाज मात्र रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा घुमतो आणि मैल-मैल लांब जातो. दलदली बुजवून शेतं केली गेली, शिकारी झाल्या, संग्रह करणाऱ्यांनी अंडी नेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये या पक्ष्याची वीण थांबली. थंडीत एखादा पाहुणा यायचा, त्यालाही गोळी घालून काचेच्या पेटीत बसवायचे.

त्या वर्षी नॉरफकला बिटर्न पुन्हा घरटं करतोय अशी कुजबूज होती. पण कुजबूज पुरावा होत नाही. एमा आणि जिम विन्सेंट दलदलीत शिरले. चिखल तुडवत, लव्हाळी बाजूला सारत त्यांचा शोध चालला आणि अखेर बिटर्नचं पिल्लू सापडलं. एमानं त्याचा फोटो काढला. पिल्लू आहे याचा अर्थ आईबाप इथंच आहेत, घरटं इथंच झालं. गेलेला पक्षी परत आला, याचा ब्रिटनमधला तो पहिला पुरावा. तोवर दुर्मिळ पक्षी दिसला हे सिद्ध करायला तो मारून आणायची रीत होती. एमानं काच पुढे केली. पिल्लू तिथंच राहिलं.

या एका गोष्टीसाठी मला ती मोठी वाटते. बाकीचे मान-सन्मान मी पटकन सांगून टाकते. लंडनच्या लिनियन सोसायटीनं १९०४ साली पहिल्यांदा पंधरा स्त्रियांना निवडलं, त्यात एमा होती. १९०९ साली ब्रिटिश पक्षीशास्त्र संघटनेनं ज्या मोजक्या बायकांना मानद सदस्य केलं, त्यातही ती होती. १९२१ साली नॉरफकच्या निसर्गअभ्यासकांच्या मंडळाची ती अध्यक्ष झाली. आणि पहिल्या महायुद्धात या नामवंत बाई जखमींच्या सेवेत स्वयंपाकीण म्हणून राबल्या! देशाला त्यांच्याकडून तेवढंच हवं होतं. याच्यावर मी काही बोलत नाही, तुम्ही समजून घ्या.

पुढचा प्रसंग स्कॉल्ट हेडचा. नॉरफकच्या उत्तर किनाऱ्यालगत वाळूचं आणि खाजणाचं हे बेट आहे. उन्हाळ्यात तिथं सुरय पक्ष्यांच्या वसाहती भरतात. सुरय घरटं बांधत नाही, वाळूत खळगा करून अंडी घालते, त्यामुळे अंडी पायाखालीही जातात आणि चोराच्या हातीही लागतात. लोकवर्गणीतून हे बेट विकत घेऊन १९२३ साली नॅशनल ट्रस्टकडे सोपवण्यात आलं. आता राखणीला माणूस पाहिजे. एमा म्हणाली, मी राहते.

तेव्हा ती छप्पन्न वर्षांची होती. १९२४ आणि १९२५ असे दोन हंगाम ती बेटावरच्या लाकडी झोपडीत राहिली. वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. त्यांनी तिला इंग्लंडमधली सर्वांत एकाकी बाई ठरवून टाकलं. खरं म्हणजे तिच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता इतका होता की शांतता मिळणं कठीण. शिवाय हजारो सुरयांचा कलकलाट. पण एकटी राहणारी बाई सुखात असेल, हे वर्तमानपत्रवाल्यांना सुचतच नाही. आमच्या कामात नवऱ्यामागे एकट्या राहणाऱ्या, नाहीतर मुळातच लग्न न केलेल्या बायका भेटतात. त्यांच्याकडे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत आधी कीव असते, मग संशय. एमानं या दोन्हीकडे लक्ष दिलं नाही. तिनं त्या बेटावर सुरयांची वीण पाहिली, वसंतात आणि शरदात ये-जा करणारे पाहुणे पक्षी टिपले, आणि १९२८ साली त्याचं पुस्तक केलं. त्याआधी १९२४ साली ब्रॉड्सच्या पक्ष्यांवरचं तिचं पुस्तक आलेलं होतंच.

एक गोष्ट मनात खटकते, तीही सांगते. एमाचे बहुतेक फोटो घरट्यांचे आहेत. आज आपल्याकडची जाणती मंडळी घरट्याजवळ कॅमेरा नेऊ नका असं बजावतात, अनेक स्पर्धांमध्ये घरट्याचा फोटो घेतच नाहीत, आणि ते बरोबरच आहे. माणूस जवळ गेला की पक्षी अंडी सोडून उडतात. ऊन लागून अंडी जातात, कावळ्यांना वाट कळते. तिच्या वेळी एखादीच एमा लव्हाळ्यात होती आणि पक्ष्यांच्या विणीबद्दल माणसाला फारसं काही माहीत नव्हतं. आता एका घुबडाच्या ढोलीचा पत्ता सकाळी फोनवर फिरतो आणि दुपारी तिथं वीस गाड्या लागतात. मध्ये एका तळ्यावर चांगले शिकलेले लोक बदकं उडताना टिपायची म्हणून पाण्यात दगड मारत होते. त्यांच्यातल्याच एका लहान मुलीनं बापाचा हात धरला तेव्हा ते थांबले.

उतारवयात एमा केंब्रिजला राहिली. बागकामाची हौस होती. १९३३ साली पक्ष्यांची शास्त्रशुद्ध मोजणी करणारी राष्ट्रीय संस्था काढावी असं जाहीर आवाहन निघालं. त्या आवाहनात पुढाकार घेणाऱ्या पंधरा जणांत ती एकटी बाई. १९३५ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तिचं घरोघरच्या बागा पक्ष्यांसाठी राखण्याबद्दलचं पुस्तक आलं. म्हणजे होडी सुटली, दलदल सुटली तरी खिडकीबाहेरचा पक्षी तिनं सोडला नाही.

त्यानंतर तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. शस्त्रक्रिया केली, तिचा उपयोग झाला नाही. मरणाआधी दोनेक वर्षं तिची दृष्टी गेलेली होती. ज्या डोळ्यांनी लव्हाळ्यातून बिटर्न वेगळा काढला, त्यांचं असं व्हावं, याची मला फार हळहळ वाटते. ऑगस्ट १९४० मध्ये, इंग्लंडवर विमानांचं युद्ध चालू असताना, एमा गेली. वय त्र्याहत्तर.

बिटर्न त्यानंतरही सुखात राहिला असं नाही. १९९७ साली अख्ख्या ब्रिटनमध्ये घुमणारे नर अवघे अकरा उरले होते. मग दलदली पुन्हा भरल्या गेल्या, लव्हाळ्यातून चर काढून मासे वाढवले गेले, आणि आता ही संख्या दोनशेच्या वर गेली आहे. तो मोजतात कसा? दिसत तर नाही. वसंतातल्या पहाटे माणसं तळ्याकाठी अंधारात कान देऊन उभी राहतात आणि किती ठिकाणांहून घागर घुमतेय ते लिहून घेतात. हिकलिंगला अजूनही तो आवाज येतो.